मंगळवारची रात्र, निम्मी

गालिसियातल्या आमच्या दरीत
गिरणी कुणा एकाची नव्हतीच.
अकरा घरांनी मिळून ओढ्याकाठी बांधली,
बैलांनी दगड ओढले, माणसांनी पाट खणला,
आणि मग वाटे घातले
पाण्याचे नाही, दगडाचेही नाही,
आठवड्याचे.

दप्तरात अजून आहे ते, तपकिरी शाईत:
सोमवार, उजाडल्यापासून दुपारच्या घंटेपर्यंत,
बिएइतो लोहाराचा.
गुरुवार अख्खा, सेइशासांच्या घराचा.
शनिवारी मेंढ्या परतेतो,
विधवा एउफेमिया, हयात असेतो.
मंगळवारची रात्र, निम्मी,
चंद्र डोंगराच्या माथ्यावर आल्यापासून
कोंबडा आरवेपर्यंत,
मुलगी दोरिंदा हिला, हुंड्यात.

अमावास्येला काय करायचं
ते कुणी लिहिलं नाही.
त्यावरून दोन पिढ्या भांडल्या.

खाली अंधारात आडवं चाक,
पाण्याच्या थपडा खात गरगरणारं.
वर तळीवर तळी.
चाड्यातून मका उतरायचा दाणा दाणा,
आणि एक काठी, एक टोक चाड्याला बांधलेलं,
दुसरं फिरत्या दगडावर,
टक टक टक टक.
त्या आवाजात बायका गाढ झोपत.
चाडं रितं झालं की दगडाचा सूर बदले
आणि सूर बदलला की जाग येई.

मग एका मार्चात दोन शिपाई आले.
वरच्या तळीच्या लोखंडी कडीत तार ओवली,
तारेवर शिशाची मोहोर दाबली.
दळायचं ते चिठ्ठी दाखवून, नऊ मैलांवर,
सरकार देईल तेवढंच.
युद्ध संपलं होतं म्हणे.
भूक संपायची राहिली होती.

दोरिंदाची सून कासिल्दा.
तिनं तारेला हात लावला नाही, मोहोरेलाही नाही.
लोहाराच्या नातवाला म्हणाली, कडीच उपट.
मंगळवारी रात्री कडी निघायची,
तार, मोहोर, सगळ्या सरंजामासकट
खुंटीला टांगून ठेवायची.
कोंबडा आरवायच्या आत परत दगडात,
आणि भेग लिंपायची ओल्या पिठानं.

अकरा घरांचा सगळा आठवडा
तिच्या त्या निम्म्या रात्रीत मावला, तीन वर्षं.
टकटक दरीत जाऊ नये म्हणून
काठीला लोकर गुंडाळली.
मग चाडं रितं झालेलं कळायचं कसं?
कासिल्दा रात्रभर आत हात घालून बसे,
दाण्यांत बोटं बुडवून,
दुखणाईताच्या उशाशी बसावं तशी.

तपासणीला आलेल्या शिपायानं
एकदा पाहिलं, उंदीर
दगडाची भेग कुरतडतोय.
तो वाकला. उठला. मिशी पुसली.
वहीत लिहिलं, मोहोर शाबूत.
पुढच्या मंगळवारी रांगेच्या शेवटी
त्याच्या बायकोची पिशवी होती.
तिच्याशी कुणी बोललं नाही,
पण दळून दिलं.

मोहोर काढली तोवर सडकेवर विजेची गिरणी आली होती.
कुणी ब्वेनोस आयरेसला गेलं,
कुणी काराकासला, कुणी स्वित्झर्लंडला भांडी घासायला.
पाटात नेचे उगवले.

आता कुणाला तरी तिथं हॉटेल करायचंय.
त्रेसष्ट वारस, त्रेसष्ट सह्या,
आणि नोंदणी कचेरीत तो कागद माझ्याच टेबलावर.
समुद्रापलीकडून एकानं फोनवर विचारलं,
माझ्या वाट्याला नेमकी किती मिनिटं?
मी हिशेब करून सांगितलं, सतरा.
तो बराच वेळ गप्प राहिला.
मग म्हणाला, कुठल्या वाराची?

माझी स्वतःची बावीस.
कासिल्दाकडून आलेली, मंगळवारची.
काल रात्री कंदील घेऊन गेलो.
कडी गंजलीय, पण घट्ट आहे.
भेगेतलं पीठ दगडाहून कठीण झालंय,
नखानं खरवडलं, निघेना.

पाणी कुठंतरी दगडाखालून जात होतं,
दिसत नव्हतं.
सही करायचं पेन खिशात होतं.
माझी मिनिटं अजून थोडी उरली होती,
म्हणून बसून राहिलो.